अंटार्क्टिकाला कधी जावं: नोव्हेंबर, जानेवारी की मार्च?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. यजमान ६७ वर्षांचे, मी ६२ ची, दोघंही निवृत्त. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून अंटार्क्टिकाच्या सफरीचं ठरवलंय. ट्रॅव्हलवाल्याने अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघणाऱ्या ११ दिवसांच्या सफरीच्या चार तारखा दिल्यात : नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, नाताळ, जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चची सुरुवात. नोव्हेंबर आणि मार्च बरेच स्वस्त, नाताळ सगळ्यात महाग. तो म्हणतो, ‘कधीही जा, सगळं सारखंच.’ मला पेंग्विनची पिल्लं बघायची आहेत, यांना देवमासे. यांचा उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललाय. मला घाटात गाडी लागते, आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँचमध्येही उलट्या झाल्या होत्या. शिवाय नातू ११ वर्षांचा, त्याला मे महिन्याची सुट्टी. तेव्हा सगळ्यांनी मिळून जाता येईल का? कोणती तारीख घ्यावी?

उत्तर : ताई, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची तारीख घ्या. संक्रांत घरी करा आणि निघा. तुमची पिल्लं आणि यजमानांचे देवमासे एकाच सफरीत भेटण्याची सर्वांत जास्त शक्यता त्या तारखेला आहे, आणि नाताळच्या गर्दीचा भाव त्या आठवड्याला सहसा लागत नाही. ‘सगळं सारखंच’ हे मात्र बरोबर नाही. अंटार्क्टिकाचा पर्यटन हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच महिने. त्यातला दर पंधरवडा वेगळा असतो. आपल्याकडे ज्येष्ठातली सह्याद्री आणि भाद्रपदातली सह्याद्री यांत जितका फरक, तितका तिथे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत.

या सगळ्याच्या मुळाशी समुद्राचा बर्फ आहे. सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असतो. पाच भारत त्यात मावतील. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यातला जेमतेम एका भारताएवढा, कधी त्याहूनही कमी बर्फ उरतो. हा बर्फ उत्तरेकडून दक्षिणेकडे मागे सरकतो, आणि तो जिथवर सरकलाय तिथवरच जहाज जातं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली, तीही याच बर्फाच्या हिशोबाने. (मैत्री आणि भारती ही आपली संशोधन केंद्रं मात्र तुम्हाला दिसणार नाहीत. ती खंडाच्या पूर्व भागात आहेत आणि उशुआयाची जहाजं जातात ती दक्षिण अमेरिकेकडे शेपटीसारख्या आलेल्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे. कुणी ‘भारती दाखवतो’ म्हणत ११ दिवसांची सफर विकत असेल, तर तिथूनच माघारी फिरा.)

आता तुमच्या चार तारखा एकेक करून बघू.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा हा वसंताचा. किनारे आणि टेकड्या पांढऱ्याशुभ्र, बर्फावर माणसाच्या पावलाचा ठसा नाही. पेंग्विन नुकतेच परतलेले असतात, जोडीदार शोधणं, खडे गोळा करून घरटं रचणं आणि शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा पळवणं हे सगळं ऐन रंगात असतं. समुद्राच्या बर्फावर सील पहुडलेले दिसतात. दिवस १८ तासांचा. फोटो काढणाऱ्यांना हा काळ फार प्रिय आहे आणि तो स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचा अजिबात नाही. पण एकही पिल्लू दिसणार नाही, कारण अंडीच त्या महिन्यात घातली जातात. देवमासेही अजून वाटेत असतात. लेमेअर चॅनल ही ११ किलोमीटर लांबीची, दोन्ही बाजूंनी कडे असलेली अरुंद खाडी प्रत्येक माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर असते. ती या काळात बर्फाने बंद असू शकते. तुमच्या दोघांच्या यादीत नेमकं जे आहे तेच या महिन्यात नाही, म्हणून ही तारीख सोडा.

नाताळच्या आठवड्यात सूर्य जवळपास मावळतच नाही. ६५ अंश दक्षिणेला २१ डिसेंबरचा दिवस सुमारे २२ तासांचा असतो आणि उरलेल्या दोन तासांतही काळोख होत नाही, नुसता संधिप्रकाश असतो. पिल्लं बाहेर पडू लागतात ती याच सुमारास. जेंटू आणि अ‍ॅडेली या दोन्ही जातींची अंडी साधारण ३५ दिवस उबवली जातात, म्हणून नोव्हेंबरात घातलेल्या अंड्यांतली पिल्लं डिसेंबरच्या उत्तरार्धात बाहेर येतात. चिनस्ट्रॅप, म्हणजे हनुवटीखाली काळी रेघ असलेले पेंग्विन, थोडे उशिराचे. त्यांची पिल्लं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत येतात. मात्र नाताळला गेलात तर पिल्लू म्हणजे आईबापाच्या पोटाखालून क्षणभर डोकावणारा मुठीएवढा राखाडी गोळा, आणि तोही प्रत्येक घरट्यात नाही. ज्या वर्षी वसंतात बर्फ जास्त पडतो त्या वर्षी पेंग्विनना खडकाळ जागा उशिरा मोकळी मिळते आणि सगळं वेळापत्रक आठ-दहा दिवसांनी पुढे जातं. जितकं दक्षिणेला जावं तितका उशीर वाढतो. त्यामुळे नाताळचे जादा पैसे मोजून पिल्लं न दिसण्याचा संभव खरा आहे. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत बांधलेल्या लोकांसाठी तो आठवडा आहे. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला त्याची गरज नाही.

जानेवारीच्या अखेरीस पिल्लं तीन ते पाच आठवड्यांची असतात. हे वय बघण्यासारखं. पहिले तीन-चार आठवडे एक पालक कायम घरट्यावर असतो. त्यानंतर भूक एवढी वाढते की दोघांनाही समुद्रात जावं लागतं, आणि मागे राहिलेली पिल्लं घोळक्याने एकत्र उभी राहतात, अगदी पाळणाघरासारखी. पालक पोट भरून परत आला की दोन्ही पिल्लं त्याच्यामागे धावत सुटतात, तो पुढे पळतो, पिल्लं पडत-धडपडत मागे. जे टिकेल त्याला घास. हा पाठलाग बघायचा तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा. क्युव्हरव्हिल बेटावर आणि नेको हार्बरला जेंटू, हाफ मून बेटावर चिनस्ट्रॅप, अशा वसाहती या मार्गावर येतात. अ‍ॅडेलीची पिल्लं मात्र लवकर मोठी होतात आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात समुद्रात निघून जातात, म्हणून त्यांच्यासाठी जानेवारीअखेर ही जवळपास शेवटची संधी.

आणि देवमासे. हंपबॅक देवमासे आपला हिवाळा कोलंबिया, इक्वेडोर, पनामाच्या कोमट पाण्यात काढतात, तिथेच त्यांची पिल्लं होतात, आणि मग सुमारे ८,००० किलोमीटर पोहत ते क्रिल खायला द्वीपकल्पापाशी येतात. (आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक असं कुठेच जात नाहीत, ते बाराही महिने इकडेच राहतात. त्यांच्या जातीत हे फार दुर्मीळ आहे.) क्रिल म्हणजे दिसायला आपल्या जवळ्यासारखा, पण वाढला की बोटाएवढा, सहा सेंटिमीटरपर्यंत. डिसेंबरात देवमासे येऊ लागतात, जानेवारीत रोज दिसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या शिगेला पोहोचते, विशेषतः विल्हेल्मिना उपसागरासारख्या आडोशाच्या पाण्यात. सुरुवातीला ते भुकेलेले असतात, सतत बुडी मारून दूर निघून जातात. हंगाम सरत येतो तसे पोट भरलेले, सुस्तावलेले, कधी बोटीच्या शेजारीच पाण्यावर पडून असलेले दिसतात. यजमानांना फक्त देवमासेच बघायचे असते तर आम्ही बेधडक फेब्रुवारीचा शेवट सांगितला असता.

मार्चची सुरुवात तशी वाईट नाही. देवमासे भरपूर, दिवस साडेतेरा-चौदा तासांचा म्हणजे खरा सूर्यास्त आणि खरी रात्र, तारेही दिसतात. पण पेंग्विनच्या वसाहती रिकाम्या होत असतात. अ‍ॅडेली गेलेले, चिनस्ट्रॅप निघण्याच्या तयारीत, उरतात ते जेंटू. मोठे पेंग्विन पिसं टाकत असतात. नवी पिसं येईपर्यंत दोन-तीन आठवडे ते पाण्यात उतरत नाहीत, मलूल चेहऱ्याने उभे असतात. किनाऱ्यावर चिखल, विष्ठा आणि मेलेल्या पिल्लांचा वास. लेपर्ड सील पहिल्यांदा पोहायला उतरणाऱ्या पिल्लांची शिकार करतात ती फेब्रुवारीत. ते दृश्य तुम्हाला जानेवारीअखेरीसही दिसू शकतं. पिल्लांसाठी जाताय म्हणून आधीच सांगून ठेवतो. वारा आणि वादळं मार्चमध्ये वाढू लागतात. तुम्हाला बोट लागते, तेव्हा मार्च नको.

तुम्हाला वाटेल की जानेवारीत सगळंच मिळतं, मग तोटा काय? तोटा आहे, आणि तो बर्फाच्या देखणेपणाचा. जानेवारीअखेर पांढऱ्या टेकड्यांवर काळे-तपकिरी खडक उघडे पडतात, पेंग्विनच्या वाटा लालसर होतात (क्रिल खाऊन विष्ठा गुलाबी होते), काही उतारांवर बर्फात वाढणाऱ्या शेवाळाने हिरवे-गुलाबी डाग पडतात. कॅलेंडरवरचा शुभ्र अंटार्क्टिका हवा असेल तर तो नोव्हेंबरात. हे माहीत असून गेलात तर हिरमोड होणार नाही. तापमान शून्याच्या आसपास, दुपारी कधी ४-५ अंश, पण वारा सुटला की उणे दहासारखं वाटतं.

तारखेइतकीच, खरं तर तारखेहून मोठी गोष्ट म्हणजे जहाजाचा आकार. ट्रॅव्हलवाल्याने तो सांगितलेला दिसत नाही. अंटार्क्टिकातल्या सफर कंपन्यांच्या आयएएटीओ या संघटनेचा नियम असा की एका ठिकाणी एका वेळी १०० हून जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने एकालाही उतरवायचं नाही. म्हणजे मोठं, स्वस्त, लिफ्ट आणि नाट्यगृहवालं जहाज घेतलंत तर पेंग्विन डेकवरून दुर्बिणीतून बघायचे. १०० प्रवाशांच्या जहाजात सगळे एकदम उतरतात. १८०-२०० प्रवाशांच्या जहाजात दोन गट पडतात. एक गट किनाऱ्यावर असताना दुसरा झोडिॲकमधून, म्हणजे रबरी मोटारबोटीतून, हिमनग आणि सील बघत फिरतो, मग अदलाबदल. तुमच्यासाठी हेच उत्तम, कारण गुडघा दुखेल त्या वेळी यजमान बोटीतूनच सगळं बघू शकतात. २०० च्या वर जाऊ नका. आणि ११ दिवसांतले प्रत्यक्ष अंटार्क्टिकात किती, हे विचारा. सहसा चार ते पाच असतात. बाकीचे ड्रेक पॅसेज हा मधला समुद्र पार करण्यात जातात.

ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आणि द्वीपकल्पाजवळची साउथ शेटलंड बेटं यांमधला सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. जायला दीड ते दोन दिवस, यायला तेवढेच. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती वारा अडवायला कुठेच जमीन नाही, म्हणून लाटा मोकळ्या धावतात. कधी तो तळ्यासारखा शांत असतो, कधी जेवणाच्या खोलीतल्या खुर्च्या साखळ्यांनी बांधाव्या लागतात. कुठल्याही महिन्यात शांत ड्रेकची हमी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत वादळं तुलनेने कमी, एवढंच म्हणता येतं. त्यामुळे बोट लागण्याची तयारी तुम्ही महिना बघून नव्हे, खोली आणि औषध बघून करा.

खोली जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्या. झोका टोकाला आणि उंचावर जास्त बसतो. वरच्या डेकवरची बाल्कनीवाली खोली सर्वांत महाग आणि तुमच्यासाठी सर्वांत वाईट. औषधाबाबत : मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतून बाहेर पडते. उशुआयाहून जहाज दुपारी-संध्याकाळी सुटतं आणि पहिले काही तास बीगल चॅनलच्या शांत पाण्यातून जातं. गोळी त्या वेळातच पोटात गेली पाहिजे. आपल्याकडे मिळणारी अ‍ॅव्होमीन (प्रोमेथाझीन) किंवा मेक्लिझीन यांपैकी काय चालेल ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधी घरी एकदा घेऊन बघा. साठीनंतर या गोळ्यांनी गुंगी जास्त येते, तोंड कोरडं पडतं, आणि झोकणाऱ्या जहाजात गुंगी म्हणजे पडण्याचा धोका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ही औषधं आणि कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी दोन्ही अडचणीची ठरू शकतात, म्हणून यजमानांनीही विचारून घ्यावं. ड्रेकमध्ये पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा, थोडा थोडा भात. आडवं पडून राहिलं तरी चालतं. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या चौकटीत बोटं कधीही नाहीत. जहाज कलतं तेव्हा दार जोरात आपटतं आणि बोटं चिरडतात.

ड्रेक टाळण्याचा मार्ग आहे : चिलीच्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर दोन तासांत जायचं आणि तिथे जहाजात चढायचं. पण ती धावपट्टी खडीची आहे, धुकं किंवा ढग खाली आले की विमान उडत नाही आणि दिवस दिवस थांबावं लागतं. सामानाच्या वजनावर मर्यादा, चिलीचा वेगळा व्हिसा आणि खर्चही जास्त. बोट इतकी लागत असेल की दोन दिवस अंथरुणात जाण्याचीच भीती असेल, तरच याचा विचार करा, आणि परतीचं तिकीट सफर संपल्यावर दोन दिवस सोडून काढा.

आता गुडघा. खरी परीक्षा चालण्यात नाही, चढउतारात आहे. जहाजाच्या कडेला लावलेल्या तिरप्या लोखंडी जिन्याने उतरून डुलणाऱ्या झोडिॲकमध्ये पाय टाकायचा, आणि हे दिवसातून दोनदा जाताना, दोनदा येताना. खलाशी हात देतो तो पंजात पंजा घालून नव्हे. एकमेकांचं मनगट आणि कोपर यांच्यामधला भाग धरायचा, कारण ओला पंजा निसटतो. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी धक्का नसतो. बोटीच्या फुगीर कडेवर बसलेले असतानाच दोन्ही पाय उचलून बाहेरच्या बाजूला फिरवायचे आणि घोटा-पोटरीभर पाण्यात उतरायचं. हे घरी दिवाणाच्या कडेवर बसून करून बघा : हात टेकून दोन्ही पाय एकदम उचलून पलीकडे नेता येतात का? दुसरं, एक मजला जिना कठडा धरून, न थांबता, दिवसातून चार वेळा उतरता-चढता येतो का? दोन्ही जमत असेल तर सफर जमेल. जमत नसेल तर निघण्याआधी तीन-चार महिने फिजिओथेरपिस्टकडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा. अस्थिरोगतज्ज्ञाचं ‘हरकत नाही’ असं पत्र घ्या. जहाजाचा वैद्यकीय फॉर्म भरताना गुडघ्याची शस्त्रक्रिया लपवू नका. लपवलेलं असेल तर विम्याचा दावा नाकारला जातो.

नोव्हेंबरात भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, बदललेल्या गुडघ्याला तो झटका फार वाईट. (असं भोक पडलं की ते बुजवायचं असा नियम आहे, नाहीतर पेंग्विन त्यात अडकतो.) जानेवारीअखेर बर्फ कमी, पण खडक ओले आणि शेवाळ-विष्ठेने निसरडे. तरी काठी टेकत सावकाश चालणाऱ्याला हेच बरं. काठ्या आणि बूट बहुतेक जहाजांवर मिळतात. बुटाचा नंबर आधी कळवा. एक गोष्ट अनेकांना ऐन वेळी कळते : बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी जमिनीवर ठेवणं याला मनाई आहे. हा विषाणू फेब्रुवारी २०२४ मध्ये द्वीपकल्पावर आढळला. दमलात म्हणून खडकावर टेकता येत नाही. वाटाड्याला सांगा आणि पहिल्या परतीच्या बोटीने जहाजावर जा, त्यात कमीपणा काही नाही. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर ठेवायचं; ते स्वतः जवळ आले तर स्तब्ध उभं राहायचं, त्यांचा रस्ता अडवायचा नाही. खिशात शेंगदाणे, लाडू काही नाही. किनाऱ्यावर खाणं न्यायचंच नाही, आणि उतरण्याआधी जॅकेटचे खिसे, वेलक्रो, पिशव्यांच्या शिवणी तपासून गवताचं बी काढलं जातं. नाशिकजवळच्या डोंगरावर घातलेले मोजे असतील तर कुसळं आधीच उपटून ठेवा.

जाण्याच्या वाटेबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही महत्त्वाच्या. मुंबईहून ब्वेनोस आइरेसला थेट विमान नाही, एक-दोन ठिकाणी बदलावं लागतं. तिथून उशुआयाला साडेतीन तास. ब्वेनोस आइरेसला दोन विमानतळ आहेत; परदेशी विमान बहुधा एझेझाला उतरतं, उशुआयाचं बऱ्याचदा आएरोपार्केहून सुटतं, आणि शहर ओलांडायला दीड-दोन तास लागू शकतात. एकाच दिवशी जोडविमान घेऊ नका. उशुआयात सफरीच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. सामान मागे राहिलं तर जहाज थांबत नाही. आपल्या पासपोर्टवर अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असलेल्यांना सवलत आहे, ती तुम्हाला लागू होते का ते मुंबईच्या अर्जेंटिना वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची. अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही भारताच्या त्या यादीत आहेत जिथून येणाऱ्यांना लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होतं. पण तुम्ही दोघंही साठीच्या पुढे आहात, आणि या वयात पहिल्यांदाच ही लस घेतली तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी धावपळ नको. दिवाळीनंतर लगेच केंद्रावर जा, आजार आणि औषधांची यादी दाखवा. लस द्यायची की वैद्यकीय कारणाने सूट देणारं प्रमाणपत्र द्यायचं, हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं.

नातवाचं. मे महिन्यात अंटार्क्टिकात हिवाळा उतरत असतो, एकही सफरीचं जहाज जात नाही. मेमध्ये ध्रुवीय सफर करायची तर उत्तरेकडे, नॉर्वेच्या स्वालबार्डला. तिथे लाँगियरब्येनला २० एप्रिलच्या सुमारापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि पेंग्विन नव्हे तर पांढरी अस्वलं, वॉलरस, पक्ष्यांचे कडे. पण मेमध्ये तिथेही बर्फ भरपूर, जहाज पश्चिम किनाऱ्यावरच फिरतं. सगळ्या बाजूंनी वाट खुली होते ती जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टमध्ये, आणि आपल्या शाळा तर जूनच्या मध्याला सुरू होतात. अस्वलापासूनही १ मार्च ते ३० जून ५०० मीटर दूर राहावं लागतं, नंतर ३०० मीटर. स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, ओस्लोहून तिथे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचाच हवा. भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून तिथल्या नी-ऑलसुंडला आहे, नातवाला त्याचं कुतूहल वाटेल. पण आमचं मत विचाराल तर दोन सफरी एकत्र जोडू नका. अंटार्क्टिकाला तुम्ही दोघं जा. नातू आणखी थोडा मोठा झाला की एखाद्या वर्षी जुलैत शाळेकडून दहा दिवस मागून घ्या आणि त्याला उत्तरेला न्या.

पैशाचं बोलायचं तर वर्ष-सव्वा वर्ष आधी नोंदणी केली तर खालच्या डेकवरच्या, मधल्या खोल्या मिळतात. त्याच सर्वांत आधी संपतात. उशुआयात जाऊन शेवटच्या क्षणी सवलतीत खोली घेणारे लोक असतात, पण ते तिशीतल्या, एकट्या, वाट बघू शकणाऱ्या प्रवाशांचं काम. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला कर, घेतला जातो, त्याची पावती जपा, प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करता येतो. विम्यात आधीचा आजार आणि अंटार्क्टिकातून सुटकेचा खर्च, दोन्ही नावानिशी लिहिलेले हवेत. साध्या परदेश विम्यात दुसरी गोष्ट बऱ्याचदा नसते. जहाजावर डॉक्टर असतो, शस्त्रक्रियेची सोय नसते.

आगाऊ रक्कम भरण्याआधी ट्रॅव्हलवाल्याला हे मेलवरच विचारा, फोनवर नाही : जहाजाचं नाव काय आणि जास्तीत जास्त प्रवासी किती? कंपनी आयएएटीओची सदस्य आहे का? अंटार्क्टिकात प्रत्यक्ष किती दिवस, दिवसाला किती वेळा उतरणं? खोलीचा नंबर आणि डेक कोणता, नकाशासह? जॅकेट, बूट, झोडिॲक फेऱ्या भाड्यात धरल्यात का? विम्याची किमान रक्कम किती? शाकाहारी जेवण आहे का, आणि ते किती दिवस आधी कळवायचं? हवामानामुळे मार्ग बदलला तर परतावा मिळतो का? (बहुतेक मिळत नाही. तो अधिकार कप्तानाचा असतो, हे करारात वाचून घ्या.) या प्रश्नांची उत्तरं चार-पाच दिवसांत लेखी आली नाहीत, तर तीच सफर जहाज कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत एजंटाकडून घ्या.